साठ सेकंदांचा जवाब

आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांच्या रॅपरांना समोरासमोर उभं करायचं, ऐन वेळी बीट, म्हणजे रॅपमागचा ताल, लावायचा आणि तिथल्या तिथे सुचेल ते बोलायला लावायचं, अशा टीव्हीवरच्या एका स्पर्धेत मी केनियाकडून उतरलो होतो. उपांत्य फेरीपर्यंत गेलो. निवड कशी होते, आत काय चालतं, पडद्यावर काय येतं आणि काय गाळलं जातं, हे मला बरेच जण विचारतात, त्यातही पुण्या-मुंबईची रॅप करणारी मुलं जास्त. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी थोडं माझ्याबद्दल. बाबांची नोकरी नैरोबीत लागली तेव्हा मी बालवाडीत होतो. तेव्हापासून पार्कलँड्स हेच घर. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर स्वाहिली आणि मटाटूत शेंग. मटाटू म्हणजे इथली खासगी मिनीबस. अंगभर चित्रं रंगवलेली, आत छातीत धडधड होईल असा स्पीकर. शेंग ही नैरोबीच्या पोरांनी स्वाहिली, इंग्रजी आणि इतर स्थानिक भाषांतून जे हाताला लागेल ते उचलून घडवलेली बोली. ती दर दोन-तीन वर्षांनी बदलते, आणि मागे पडलेला माणूस तोंड उघडताच ओळखू येतो. नैरोबीतलं रॅप याच बोलीवर वाढलं. नव्वदीच्या दशकात दांडोरा वस्तीतल्या कालामाशाका या त्रिकुटाने दाखवून दिलं की अमेरिकन उच्चार न काढताही रॅप करता येतं. पुढे ब्रिटिश काउन्सिलच्या ‘वापी’सारख्या खुल्या मंचांवर कुणीही यावं आणि माइक धरावा अशी सोय झाली. चॅनल ओ वाहिनीची ‘एमसी आफ्रिका’ ही स्पर्धा आमच्या आधीच्या पिढीने डोळ्यांत तेल घालून पाहिली. आज केनियातलं मोठं नाव असलेला खालिग्राफ जोन्स 2009 च्या सुमारास तिथे उतरला होता. आमच्या शाळेच्या बसमध्ये मोठी मुलं त्या स्पर्धेतले ठोसे, म्हणजे समोरच्याला गप्प करणाऱ्या ओळी, पाठ म्हणून दाखवायची. माझं पहिलं रॅपचं शिक्षण ते.

मी उतरलो ती स्पर्धा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच कंपनीने भरवलेली. पद्धत सोपी होती. प्रत्येक देशात खुली चाचणी, मग त्या देशाची अंतिम फेरी आणि निवडलेल्यांना चित्रीकरणासाठी जोहान्सबर्गला न्यायचं.

खुली चाचणी शनिवारी होती. सकाळी सातला पोचलो तर रांग इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरलेली. हातावर नंबराची पट्टी बांधायची, फॉर्म भरायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची, एवढं झालं की नुसतं थांबणं. पण चाचणी दारातून आत गेल्यावर सुरू होते असं ज्यांना वाटत होतं ते तिथेच मागे पडले. रांगेत दर दहा-पंधरा जणांमागे एक सायफर उभा राहिला होता. एकजण तोंडाने बीट धरतो, बाकीचे गोल करतात, आणि आळीपाळीने प्रत्येकाने चार-आठ ओळी टाकायच्या. कायोले, उमोजा, किबेरा, बुरुबुरू, नैरोबीच्या सगळ्या वस्त्यांतली मुलं. काही खिशात वही घेऊन एकटी कोपऱ्यात पाठांतर करत होती. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: पाठ केलेलं रॅप चांगलं असू शकतं, पण ते फ्रीस्टाइल नव्हे. समोरच्याने आत्ता काय म्हटलं, गर्दीत कोण हसलं, कुणाच्या हातातला चहा सांडला, हे तुमच्या पुढच्या ओळीत यायला हवं. सायफरमध्ये चार तास उभं राहिल्यावर कान असा काही उघडतो की आत गेल्यावर भीतीला जागाच उरत नाही.

आत तीन परीक्षक, एक कॅमेरा आणि डीजे. साठ सेकंद. बीट कुठला येणार ते कळत नाही. इथे जरा हिशोब सांगतो, कारण नव्या मुलांना तो कुणी सांगत नाही. जुन्या धाटणीचा बीट मिनिटाला साधारण नव्वद ठोक्यांचा असतो. चार ठोक्यांचा एक बार धरला तर मिनिटात साडेबावीस बार बसतात. म्हणजे घंटा बरोबर बारच्या मधोमध वाजते आणि तुमचा शेवटचा ठोसा अर्धवट लटकतो. म्हणून विसाव्या बारला मुख्य ठोसा मारून मोकळं व्हायचं, उरलेल्या वेळात गर्दीला ओरडू द्यायचं. ड्रिल या रॅपच्या प्रकाराचा बीट आला तर तो एकशे चाळीसच्या आसपास, म्हणजे पस्तीस बार, आणि तिथे श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवलेलं नसेल तर मधेच हवा संपते. दुसरी गोष्ट म्हणजे ओळी सुचण्याचा क्रम. ऐकणाऱ्याला पहिली ओळ आधी ऐकू येते, पण डोक्यात दुसरी आधी यावी लागते. ठोसा पक्का झाला की त्याला जुळणारी तयारीची ओळ बोलता बोलता सापडते. उलट केलं तर यमकाच्या मागे धावत राहावं लागतं.

त्यानंतर त्यांनी कापडी पिशवीतून वस्तू काढून हातात दिल्या. मला आला चहाचा गाळणा. त्यावर अर्धं मिनिट बोलायचं. केरिचोचा चहा, पगारातून गाळून उरणारे पैसे, आणि बातम्यांतून काय गाळलं जातं, अशा वाटेने गेलो. परीक्षकांतली बाई टेबलावर पेन आपटायला लागली. ही चांगली खूण असते हे मला बाहेर आल्यावर दुसऱ्यांनी सांगितलं.

नैरोबीची अंतिम फेरी मात्र वेगळी. तिथे समोर माणूस असतो. नाणं उडवतात, जिंकेल तो सहसा नंतर बोलायचं निवडतो, कारण उत्तर द्यायला मिळतं. माझा प्रतिस्पर्धी कायोलेचा. अतिशय तयारीचा, आवाज खणखणीत. त्याने काय बोलायचं ते मला आठवडाभर आधीच माहीत होतं, कारण भारतीय चेहऱ्याच्या माणसावर नैरोबीत जे बोललं जातं ते ठरलेलं आहे: दुकानदार, चिंगूस, नोकरांना राबवणारे, गेटच्या आत राहणारे, परके. यातल्या काही गोष्टींत तथ्य आहे, आणि मी त्या नाकारायला उभा राहिलो नव्हतो. आमच्या इमारतींना गेट आहेत, आणि त्या गेटवर रात्रभर जागणाऱ्या अस्कारीचं, म्हणजे राखणदाराचं नाव आतल्या कितीतरी घरांना माहीत नसतं. हे मी माझ्या तोंडाने म्हटलं. आमच्या अस्कारीचं नाव घेतलं, त्याचं गाव घेतलं, तो रात्री रेडिओवर कुठला कार्यक्रम ऐकतो ते सांगितलं, आणि मग प्रतिस्पर्ध्याला विचारलं की तुझ्या मटाटूच्या कंडक्टरचं नाव तुला माहीत आहे का. सभागृह उठून उभं राहिलं. तो ‘परका’वर परत आला तेव्हा मी आकडा टाकला: चव्वेचाळीस. 2017 मध्ये केनिया सरकारने इथल्या भारतीय वंशाच्या समाजाला देशाची 44 वी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली. तू नेहमीच्या बेचाळीस जमाती मोजून थांबलास, मी मोजणी पुढे नेतोय, अशा अर्थाच्या दोन ओळी होत्या. त्याला हसू आलं, त्याने मंचावरच माझ्या खांद्यावर थाप मारली. निकाल माझ्या बाजूने लागला. नंतर आम्ही दोघांनी बाहेर टपरीवर भाजलेलं कणीस खाल्लं, मिरची-लिंबू चोळलेलं, आणि तो मला माझ्याच ओळींतल्या कमकुवत जागा दाखवत बसला. आजही नवं काही जमलं की मी आधी त्याला पाठवतो.

त्याने उच्चारलेल्या एकाही शिवीचा मला राग आला नाही. रस्त्यावर जे पाठीमागून बोललं जातं ते इथे तोंडावर, तालात आणि उत्तराचा हक्क देऊन बोललं गेलं. मला यातला मान फार मोठा वाटतो.

बाबा त्या फेरीला आले होते. त्यांना शेंग फारशी कळत नाही. घरी येताना गाडीत बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “अरे, हा तर आपला शक्ती-तुराच की.” आमचं गाव संगमेश्वराकडचं. कोकणात जाखडीच्या रात्री एक फळी शक्तीवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. एका शाहिराने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो सोडवायचा, आणि समोरच्याची टोपी उडवत उडवत पहाट करायची. बाबा लहानपणी चटईवर बसून हे ऐकत. आजोबा दुसऱ्या दिवशी शेतावर कुणाचा जवाब कच्चा पडला यावर वाद घालत. त्या रात्रीनंतर बाबांनी मला कधीही ‘अभ्यास कर’ म्हटलं नाही. आईने मात्र म्हटलं, आणि तिचंही बरोबर होतं, परीक्षा तोंडावर होती.

जोहान्सबर्गला जायचं तर कागदपत्रं. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा, संयोजकांचं पत्र, आणि पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड. हे कार्ड केनियाहून जाणाऱ्याला दाखवावंच लागतं, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरलं जातं. आमच्यातल्या एका मुलाने ऐन वेळी लस घेतली म्हणून त्याचं विमान बदलावं लागलं. कुणी अशा स्पर्धेला जाणार असेल तर हे आधी उरकून घ्या.

तिथे पोचल्यावर पहिल्या सरावात एक गंमत लक्षात आली. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर, जोहान्सबर्ग साधारण 1,750. आम्हाला काही फरकच पडला नाही. पण नायजेरियातलं लागोस, सेनेगलमधलं डाकार, टांझानियातलं दार एस सलाम ही सगळी समुद्रकाठची शहरं. तिथली मुलं वेगाचे तुकडे घेताना अर्ध्यावर धापा टाकत होती. लागोसची मुलगी मात्र हुशार. तिने पहिल्याच दिवशी हे ओळखलं आणि आपल्या ओळी तोडून टाकल्या, लांब साखळीऐवजी छोटे तुकडे आणि मधे शांतता. ती शांतता पुढे तिचं हत्यार झाली.

खरी अडचण भाषेची होती, आणि तिच्यावर संयोजकांनी पुरेसा विचार केला नव्हता असं मला आजही वाटतं. डाकारचा मुलगा वोलोफ आणि फ्रेंचमध्ये बोलायचा, अंगोलातल्या लुआंडाचा पोर्तुगीजमध्ये, लागोसची पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजीवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, आम्ही शेंगमध्ये. नियम असा की निम्मं तरी इंग्रजीत हवं. परिणाम काय, तर प्रत्येकजण आपला सगळ्यात धारदार भाग परीक्षकांना न कळणाऱ्या भाषेत टाकायचा आणि सगळ्यात सपाट भाग इंग्रजीत. डाकारच्या मुलाचं वोलोफ मला शब्दाने कळत नव्हतं, पण त्याची लय अशी होती की सराव सोडून सगळे दारात उभे राहून ऐकायचे. डाकारमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून रॅप रुजलंय, ते त्याच्या अंगात होतं. तो पहिल्याच फेरीत बाहेर गेला, इंग्रजी अडखळलं म्हणून. मला हा निकाल चुकीचा वाटला आणि मी तसं तिथे सांगितलंही. परीक्षकांच्या बाजूला त्या त्या भाषेचा एक जाणकार बसवणं अवघड नाही.

आणखी एक. निर्मितीतल्या एका बाईंनी मला विचारलं, कुर्ता घालून येशील का, पडद्यावर वेगळा दिसशील. मी नको म्हटलं. गणपतीला महाराष्ट्र मंडळात मी आवडीने कुर्ता घालतो, पण इथे मी नैरोबीचा म्हणून आलो होतो. त्यांनी ते लगेच मान्य केलं.

उपांत्य फेरीत समोर आला दार एस सलामचा. आता टांझानिया आणि केनिया यांच्यात एक जुनं भांडण आहे: स्वाहिली कुणाची. टांझानियाची स्वाहिली नीटस, केनियाची, त्यातही नैरोबीची, मोडकीतोडकी, असं ते म्हणतात आणि आम्हीही मनातून मान्य करतो. शिवाय त्यांच्याकडे पद्यातून उत्तर देण्याची फार जुनी परंपरा आहे. ‘कुजिबिझाना’ म्हणतात तिला. खरं तर ती सगळ्या स्वाहिली किनाऱ्याचीच. मोंबासाचा कवी मुयाका बिन हाजी 19 व्या शतकाच्या सुरुवातीला लामूच्या कवींना पद्यातून आव्हानं द्यायचा आणि तिकडून पद्यातच उत्तरं यायची, तीही दोन शहरं लढाईला भिडलेली असताना. टांझानियाच्या वर्तमानपत्रांत वाचक पद्य पाठवतात आणि नंतरच्या अंकात दुसरा वाचक त्याच वृत्तात त्याला टोला देतो. वृत्तही कडक: ओळीत सोळा अक्षरं, आठ-आठचे दोन भाग, आणि दोन्ही भागांच्या शेवटी यमक. स्वाहिलीत बहुतेक क्रियापदं ‘आ’वर संपतात, त्यामुळे स्वस्त यमक रस्त्यावर पडलेलं असतं. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, म्हणून निदान दोन अक्षरं जुळली तरच जाणकार मान डोलावतो.

मला हे सगळं माहीत होतं, म्हणून मी त्याच्याच अंगणात खेळायचं ठरवलं. शेंग बाजूला ठेवून शुद्ध सोळा अक्षरांत सुरुवात केली:

“नाइरोबी निमेकुआ, किस्वाहिली नाकिजुआ.”

नैरोबीत वाढलो, स्वाहिली जाणतो. दोन्ही भाग आठचे, यमकही दोन अक्षरांचं. प्रेक्षकांत बसलेली टांझानियाची मंडळी आश्चर्याने ओरडली. पुढे मी माझ्या पद्धतीने वेग धरला, बंदर, बस, त्याच्या पांढऱ्याशुभ्र बुटांवरही बोललो, आणि घंटा झाली. त्याने माइक घेतला. डीजेला हाताने खूण करून बीट बंद करायला लावला. सभागृह गप्प. आणि त्याच वृत्तात, माझ्याच यमकावर, अगदी सावकाश:

“कामा क्वेली वाकिजुआ, म्बोना विना व्यापुंगुआ?”

खरंच जाणतोस, तर मग यमकं का कमी पडतायत? पहिल्या ओळीनंतर मी वृत्त सोडलं होतं. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नसेल, त्याने मात्र एकेक अक्षर मोजलं होतं. मग त्याने बीट पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि उरलेला वेळ एकाही ओळीत वृत्त न सोडता बोलला. बूट, बंदर, बस, मी टाकलेली प्रत्येक वस्तू उचलून परत माझ्याकडे आली. मी मंचावर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. निकाल लागायच्या आधीच मला तो कळला होता, आणि मला तो पूर्णपणे मान्य होता. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर उत्तर दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं नाही.

अंतिम फेरी तो हरला, लागोसच्या मुलीकडून. तिने त्याच्या वृत्ताला हात लावला नाही. तो भरगच्च बोलला, तिने दोन ओळी टाकून चार ठोके शांतता ठेवली, पुन्हा दोन ओळी. त्याच्या घट्ट विणीसमोर तिच्या रिकाम्या जागा जास्त बोलल्या. पिजिनमधला तिचा शेवटचा ठोसा परीक्षकांतल्या दोघांना कळला, तिसऱ्याने गर्दीकडे पाहून ओळखला.

काही महिन्यांनी प्रक्षेपण झालं. आमच्या पार्कलँड्सच्या घरात शेजारीपाजारी, कायोलेचा तो दोस्त, आमचा अस्कारी, सगळे टीव्हीसमोर. उपांत्य फेरीचा भाग आला आणि मला वाईट वाटलं. माझे बुटांवरचे टोमणे होते, त्याचे हातवारे होते, प्रेक्षकांची उघडी तोंडं होती. पण माझी सोळा अक्षरांची ओळ कापली होती. त्यामुळे त्याची ओळ आली तेव्हा ती कशाचं उत्तर आहे हेच पाहणाऱ्याला कळेना. बीट थांबवण्याचा क्षणही गेला. संकलकाला स्वाहिली येत नसावी, त्याने जोरात ओरडलेलं तेवढं ठेवलं. नैरोबीच्या फेरीतून अस्कारीचं नावही गेलं होतं. तो शेजारीच बसला होता, म्हणून मी ती ओळ पुन्हा म्हणून दाखवली. मग आईने सगळ्यांना भजी दिली.

सुदैवाने सराव आणि चित्रीकरणादरम्यान दार एस सलामच्या मुलाच्या बहिणीने प्रेक्षकांतून फोनवर आवाज टिपला होता. आम्ही तो अख्खा, दोन्ही बाजूंचा, न कापता मित्रांना पाठवला. मोंबासाच्या एका शाळेतल्या शिक्षकांनी तो वर्गात ऐकवला आणि मुलांना त्याच यमकावर तिसरी ओळ करायला सांगितली. त्या वह्यांतल्या काही ओळी त्यांनी मला पाठवल्या. त्यातल्या दोन माझ्यापेक्षा आणि एक त्याच्यापेक्षा चांगली होती. सध्या आम्ही दोघं आठवड्यातून एकदा फोनवर भेटतो: एकाने सोळा अक्षरं टाकायची, दुसऱ्याने फोन न ठेवता उत्तर द्यायचं. पुढच्या चाचणीची तारीख जाहीर झाली की मी पुन्हा रांगेत उभा राहणार आहे, आणि या वेळी फॉर्मवर भाषेच्या रकान्यात पहिली स्वाहिली लिहिणार आहे.